उन्हाळ्यात अचानक पाऊस आला, तर गच्चीवरचं पाणी कसं साठवायचं?

सोलापूरचा उन्हाळा म्हणजे चाळिशीपार पारा आणि नळाला पाणी कधी येणार याची वाट. त्यातच एखाद्या संध्याकाळी वारं सुटतं, आभाळ गडगडतं आणि अर्धा-पाऊण तास वळीव कोसळतो. सगळं पाणी गच्चीवरून थेट गटारात जातं.

हे पाणी किती असतं? आणि ते वापरता येतं का?

हिशोब सोपा आहे

एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी मिळतं. ५०० चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. तिच्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर ९०० लिटरहून जास्त पाणी. उडालेलं, मुरलेलं आणि सुरुवातीचं सोडून दिलेलं पाणी वजा केलं तरी ७०० लिटरच्या आसपास उरतं. म्हणजे २०० लिटरची साडेतीन पिंपं!

सोलापूरकरांसाठी हे महत्त्वाचं का?

शहराचा मोठा आधार भीमा नदीवरचं उजनी धरण. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. उणे म्हणजे धरण कोरडं नव्हे. उपयुक्त साठा संपला आणि मृतसाठ्यातलं पाणी वापरावं लागलं, असा त्याचा अर्थ. नळाला पाणी रोज येत नसल्यामुळे पिंपं घरोघरी असतातच. फक्त ती पावसासाठीही वापरायची.

तयारी कधी करायची?

ढग येण्याआधी. मार्च ते मे दरम्यानचा पाऊस विजांसह येतो. त्यामुळे गडगडाट ऐकू आला की गच्चीवर जायचं नाही. गच्ची आधीच झाडून ठेवा. पाणी उतरणाऱ्या पाईपच्या तोंडाला जाळी बसवा. पाईप जमिनीपर्यंत असेल, तर प्लंबरकडून तो पिंपाच्या उंचीवर कापून घ्या आणि खाली काढता येईल असा तुकडा जोडा.

पहिलं पाणी का सोडायचं?

कित्येक महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा या पहिल्या पाण्यासोबत येते. म्हणून सुरुवातीची १०-१५ मिनिटं पाणी वाहू द्या. पाणी स्वच्छ दिसू लागलं की पिंप लावा आणि तोंडावर दुहेरी सुती कापड बांधा. जुन्या माळवदाच्या घरावरून येणारं पाणी मातीमुळे गढूळ असतं. ते झाडांनाच घाला.

हे पाणी कशाला वापरायचं?

फरशी पुसणं, संडास, गाडी धुणं, झाडं आणि कपडे यासाठी. पावसाचं पाणी मऊ असल्यामुळे साबणाला फेस चांगला येतो. कूलरमध्येही ते चालतं. बोअरच्या जड पाण्यामुळे जाळीवर पांढरा थर बसतो, तसा याने बसत नाही.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी मात्र हे पाणी वापरू नका. कापडातून गाळलं तरी जंतू जात नाहीत.

खरा धोका डासांचा

डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. उन्हाळ्याच्या उबेत साधारण ८-१० दिवसांत त्यातून नवा डास तयार होतो. म्हणून पिंप घट्ट झाका आणि पाणी आठवड्याच्या आत संपवा. रिकामं पिंप आतून घासून कोरडं करा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. कूलरची टाकीही आठवड्यातून एकदा अशीच कोरडी करा.

पिंपं भरल्यावर उरलेलं पाणी झाडांच्या आळ्यात सोडता येईल.

वळीव सांगून येत नाही. त्यामुळे आजच बघून घ्या, तुमच्या गच्चीचा पाईप नेमका कुठे उतरतो आणि त्याखाली पिंप बसतं का?