विश्लेषण : नाताळचा बॅले घरच्या पडद्यावर… ‘नटक्रॅकर’च्या कॅसेटने काय दिले, काय हिरावले?

डिसेंबर उजाडला की अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या अनेक शहरांत ‘नटक्रॅकर’ या बॅलेचे प्रयोग सुरू होतात. पण हा बॅले पाहिलेल्या सगळ्यांनीच काही थिएटरची पायरी चढलेली नाही. असंख्य कुटुंबांनी तो पाहिला तो दिवाणखान्यात, टीव्हीसमोर बसून. आधी दूरचित्रवाणीवर, मग व्हिडीओ कॅसेटवर आणि पुढे डीव्हीडीवर. दरवर्षी नाताळात तीच कॅसेट लावायची, हा तिथल्या अनेक घरांचा शिरस्ताच होऊन गेला. मात्र एकच प्रयोग पुन्हा पुन्हा पाहण्याची ही सोय बॅलेसाठी वरदान ठरली की बंधन? आणि आता त्या कॅसेट्सचेच आयुष्य संपत आले असताना त्यांतले नृत्य टिकणार कसे?

‘नटक्रॅकर’ची गोष्ट काय?

नटक्रॅकर म्हणजे अक्रोड फोडण्याचे साधन. आपल्या अडकित्त्याचे चुलत भावंड म्हणता येईल. जर्मनीत ते लाकडी शिपायाच्या रूपात बनवले जाते. बाहुल्याच्या जबड्यात अक्रोड ठेवायचा आणि पाठीमागची दांडी दाबायची. जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमन यांनी १८१६ मध्ये अशा बाहुल्यावर कथा लिहिली. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्युमा यांनी ती सौम्य करून फ्रेंचमध्ये आणली आणि बॅलेचे कथानक त्यावरून बेतले गेले.

नाताळच्या आदल्या रात्री क्लारा या मुलीला ड्रॉसलमायर हा गूढ स्वभावाचा पाहुणा असा बाहुला भेट देतो. भाऊ तो मोडतो. मध्यरात्री सजवलेले नाताळचे झाड वाढत वाढत छताला भिडते, उंदरांची फौज चाल करून येते आणि बाहुला तिच्याशी लढतो. क्लारा आपली सपाता फेकून त्याला वाचवते. बाहुल्याचा राजपुत्र होतो आणि दोघे बर्फाच्या अरण्यातून मिठाईच्या राज्यात जातात. दुसऱ्या अंकात कथा जवळपास थांबते आणि चॉकलेट, कॉफी, चहा अशा नावांची नृत्ये एकामागून एक सादर होतात.

पहिला प्रयोग का फसला?

१८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरमध्ये हा बॅले पहिल्यांदा सादर झाला. संगीत पीटर चायकॉव्हस्की यांचे. आराखडा मारियस पेटिपा यांचा, पण ते आजारी पडल्याने नृत्ये त्यांचे सहायक लेव इव्हानोव्ह यांनी बसवली. त्याच संध्याकाळी चायकॉव्हस्की यांचा ‘योलांटा’ हा ऑपेराही होता.

समीक्षकांना बॅले फारसा रुचला नाही. पहिल्या अंकात मुलांचीच गर्दी, मुख्य नर्तिका अवतरते ती अगदी अखेरीस आणि दोन अंकांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, असे आक्षेप होते. संगीत मात्र आधीच गाजले होते. त्यातल्या निवडक रचनांचा संच मार्च १८९२ मध्येच मैफलीत वाजला होता. त्यात सेलेस्टा या नव्या वाद्याचा घंटानाद होता. चायकॉव्हस्की यांनी ते पॅरिसमध्ये ऐकले आणि इतर रशियन संगीतकारांना सुगावा लागू नये म्हणून गुपचूप मागवून घेतले. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, त्यांचे निधन झाले. आपला हा बॅले जगभरच्या नाताळाचा भाग होईल, हे त्यांना कधी कळलेच नाही.

मग नाताळशी नाते कसे जुळले?

हे घडले रशियापासून दूर, अमेरिकेत. १९४४ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्को बॅलेने तिथला पहिला संपूर्ण ‘नटक्रॅकर’ सादर केला. निर्णायक वळण आले २ फेब्रुवारी १९५४ रोजी. न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी जॉर्ज बॅलन्शीन यांनी तो नव्याने बसवला. ते स्वतः मारिन्स्कीच्या नृत्यशाळेचे विद्यार्थी. लहानपणी त्यांनी याच बॅलेत राजपुत्राचे काम केले होते. त्या आठवणीतले काही भाग त्यांनी न्यूयॉर्कच्या मुलांना शिकवले. कंपनीच्या नृत्यशाळेतली मुले रंगमंचावर आली आणि त्यांच्यापाठोपाठ त्यांचे आईवडील, आजीआजोबा प्रेक्षागृहात आले. १८९२ मध्ये दोष ठरलेली मुलांची गर्दीच इथे बॅलेचे बळ ठरली.

दूरचित्रवाणीने पुढचे काम केले. सीबीएस वाहिनीने १९५७ आणि १९५८ च्या नाताळात बॅलन्शीन यांचा बॅले प्रक्षेपित केला. १९५८ मध्ये ड्रॉसलमायरची भूमिका खुद्द बॅलन्शीन यांनी केली. जवळपास बॅले कंपनीच नाही अशा गावांतल्या लोकांनाही आता तो पाहता येऊ लागला.

घराघरांतली कॅसेट कोणती?

कॅसेटच्या रूपाने सर्वाधिक परिचित झालेल्या आवृत्त्यांमध्ये मिखाईल बॅरिश्निकॉव्ह यांच्या ‘नटक्रॅकर’चे नाव आघाडीवर घ्यावे लागते. १९७४ मध्ये कॅनडाच्या दौऱ्यावर असताना टोरांटो येथे या नर्तकाने सोव्हिएत संघाकडे पाठ फिरवली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९७६ मध्ये, त्यांनी अमेरिकन बॅले थिएटरसाठी ‘नटक्रॅकर’ बसवला. डिसेंबर १९७७ मध्ये तो सीबीएसवर आला. प्रेक्षकांविना, कॅमेऱ्यासाठी त्याचे चित्रण झाले तेही टोरांटोतच.

यात क्लाराचे काम लहान मुलीकडे नव्हे, तर गेल्सी कर्कलंड या नर्तिकेकडे होते. मिठाईच्या राज्यातली परी बॅरिश्निकॉव्ह यांनी वगळली आणि तिचे नृत्य क्लाराला दिले. त्यामुळे मिठाईची सहल मागे पडून एका मुलीच्या वयात येण्याची कथा पुढे आली. शेवटी स्वप्न विरते आणि क्लारा खिडकीशी एकटी उरते. हिमकणांचे नृत्य त्यांनी वसिली वायनोनेन यांच्या १९३४ च्या सोव्हिएत आवृत्तीतून घेतले. जी व्यवस्था मागे टाकून ते आले, तिथली एक आठवण अशी अमेरिकी टीव्हीवर पोहोचली.

याच सुमारास व्हीसीआर घरांत शिरत होते. बीटामॅक्स १९७५ मध्ये आले, व्हीएचएस त्यापाठोपाठ. लोक वाहिनीवरचे कार्यक्रम जाहिरातींसकट टेपवर उतरवून घेऊ लागले. असे करणे कायदेशीर का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निकाल लागला : नंतर पाहण्यासाठी घरच्या घरी कार्यक्रम टेप करणे हा स्वामित्वहक्काचा भंग नाही. दरम्यान विक्रीच्या कॅसेट्सही आल्या. लंडनच्या रॉयल बॅलेची १९८५ मध्ये चित्रित झालेली आवृत्ती आणि बॅलन्शीन यांच्या रचनेवरचा, मॅकॉले कल्किन हा बालकलाकार असलेला १९९३ चा चित्रपट, या त्यातल्या ठळक.

पडद्यावर काय मिळते, काय निसटते?

थिएटरमध्ये कुठे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो; कॅसेटमध्ये ते दिग्दर्शक ठरवतो. नर्तकीचा चेहरा जवळून दिसतो, पण त्याच क्षणी तिची पावले चौकटीबाहेर जातात. पूर्वी हॉलीवूडमध्ये फ्रेड अ‍ॅस्टेअर नृत्याच्या वेळी संपूर्ण शरीर चौकटीत असावे, असा आग्रह धरत ते यासाठीच. हिमकणांच्या नृत्याची गंमत तर समूहाच्या आकृतीत आहे. वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खुर्चीतून ती उत्तम दिसते. जुन्या टीव्हीच्या जवळपास चौकोनी पडद्यावर मात्र सगळ्या नर्तिका मावायच्या तर त्या बोटाएवढ्या होतात.

झाडाचेही तसेच. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ते साधारण १२ फुटांवरून ४१ फुटांपर्यंत वाढते. समोर खरी मुले उभी असतात, म्हणून ती उंची अंगावर येते. दिवाणखान्यात तेच झाड वीतभर असते. त्यात व्हीएचएसच्या मर्यादा. रंगांचा तपशील कमी, त्यामुळे शिपायाच्या अंगरख्याचा लाल रंग कडेने पसरतो. टेप ताणली गेली की सेलेस्टाचा सूरही डळमळतो.

तरीही कॅसेटने असे काही दिले, जे थिएटर देऊ शकत नव्हते. टेप मागे नेऊन तीच उडी दहा वेळा पाहता येऊ लागली. नृत्य शिकणाऱ्या मुलांना सरावाला नमुना मिळाला. ज्यांना तिकीट परवडत नव्हते, ज्यांना आजारपणामुळे घर सोडता येत नव्हते, त्यांच्यासाठी तर तीच पहिल्या रांगेतली खुर्ची होती.

पण कॅसेट सगळे सांगत नाही. कर्कलंड यांनी १९८६ मध्ये आत्मचरित्र लिहिले. शरीर सडपातळ ठेवण्याच्या दडपणातून जडलेला आहारविकार आणि अमली पदार्थांचे व्यसन यांबद्दल त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले. पडद्यावर अलगद तरंगणाऱ्या क्लाराला दरवर्षी पाहणाऱ्या मुलींना त्या नाजूकपणाची किंमत दिसणे शक्य नव्हते.

कॅसेटमुळे नृत्य टिकते का?

नाटकाला संहिता असते, संगीताला स्वरलिपी. नृत्य मात्र मुख्यतः एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जाते. इव्हानोव्ह यांच्या मूळ ‘नटक्रॅकर’ची सांकेतिक लिपीत केलेली टिपणे क्रांतीनंतर निकोलाय सर्गेयेव्ह यांनी रशियाबाहेर आणली. त्यांच्या आधारे १९३४ मध्ये लंडनला प्रयोगही झाला. ती टिपणे आज हार्वर्ड विद्यापीठात आहेत. परंतु त्यांतला तपशील पुरेसा नाही : नर्तिका कुठून कुठे गेल्या हे बरेचसे कळते, हात कसे हलले हे नेहमी कळत नाही.

बॅलन्शीन यांनी म्हणूनच वेगळा मार्ग धरला. अमेरिकेत १९७८ पासून नृत्यरचनेला कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. डिसेंबर १९८१ मध्ये आपल्या ‘नटक्रॅकर’चा हक्क नोंदवताना त्यांनी रंगीत तालमीची व्हिडीओ टेपच नोंदणी कार्यालयात जमा केली. त्यांच्या पश्चात या बॅलेच्या छायाचित्रांच्या पुस्तकावरून खटला झाला, तेव्हा १९८६ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की स्थिर छायाचित्रातूनही नृत्यरचनेच्या हक्काचा भंग होऊ शकतो. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. भारतातही १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’त मोडते, पण ती लिहून वा अन्य प्रकारे निश्चित केलेली असावी लागते. म्हणजे रचना आपली असे सांगण्यासाठी आधी ती कशावर तरी उतरलेली हवी.

टेपची दुसरी बाजू अशी की ती बदलत नाही. मिठाईच्या राज्यातल्या चहाच्या नृत्यात चिनी माणसाचे हास्यास्पद चित्रण होते, हा आक्षेप जुना आहे. न्यूयॉर्क सिटी बॅलेने २०१७ मध्ये त्यातले काही हावभाव, मेकअप आणि वेशभूषा बदलली. १९९३ च्या चित्रपटात मात्र जुनेच रूप कायम आहे. रंगमंच चूक दुरुस्त करतो. कॅसेट ती पुरावा म्हणून जपते. कलेच्या इतिहासाला दोन्हींची गरज असते.

आता या कॅसेट्सचे काय?

विक्रीला आलेल्या आवृत्त्या पुढे डीव्हीडीवर गेल्या. धोका आहे तो घरी उतरवलेल्या, कुठल्याशा गावातल्या नृत्यशाळेच्या प्रयोगाच्या एकुलत्या एक टेपला. प्लॅस्टिकच्या फितीवर चुंबकीय कण एका लेपाने चिकटवलेले असतात. तो लेप हवेतली ओल शोषतो, सुटू लागतो. चुंबकीय संकेतही क्षीण होतात. साधारण १० ते ३० वर्षे हे अशा टेपचे आयुष्य मानले जाते. टेप शाबूत असली तरी यंत्र कुठून आणायचे? व्हीसीआर बनवणारी फुनाई ही शेवटची जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने तर टेपवरचा ठेवा वाचवण्यासाठी २०२५ ही अखेरची मुदत असल्याचा इशारा २०१५ मध्येच दिला होता. ती उलटली आहे.

हा प्रश्न मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या दमट हवेत अधिक टोकदार होतो. इथल्या कपाटांत ‘नटक्रॅकर’ क्वचितच असेल; पण लग्नाच्या, मुंजीच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कॅसेट्स आहेत, आणि बुरशी त्यांत फरक करत नाही. फितीवर पांढरे डाग दिसले तर ती यंत्रात घालू नये. बुरशी पसरते, हेडही खराब होते. आधी जाणकाराकडून ती साफ करून घ्यावी. चांगल्या कॅसेट्स उभ्या, कोरड्या आणि थंड जागी, चुंबकापासून दूर ठेवाव्यात. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही, त्यांचे डिजिटल रूपांतर आधी करावे आणि त्या फाइलच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. रूपांतर झाल्यावरही मूळ कॅसेट लगेच टाकून देऊ नये.