ऐंशी मीटर लांबीचे पुस्तक

आज तुम्हाला एका पुस्तकाची ओळख करून द्यायची आहे. ते कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. त्याला पुठ्ठा नाही, शिवण नाही. त्याचे एकेक पान म्हणजे एकेक चिरा असून ते उलटणे एकट्यादुकट्याचे काम नाही. शिवाय हे पुस्तक फाटलेले आहे, म्हणजे अक्षरशः फुटलेले आहे. त्याचे तुकडे एका डोंगरावर विखुरलेले असून शंभराहून अधिक वर्षे विद्वान मंडळी ते गोळा करून जुळवीत आहेत.

तुर्कस्तानच्या नैऋत्य भागाला प्राचीन काळी लिशिया म्हणत. तेथे समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवर ओइनोआंदा नावाचे एक नगर होते. राज्य रोमनांचे, पण लोकांची बोली व लिखाणाची भाषा ग्रीक, असा तो काळ. नगर फार मोठे नव्हते. तरीही तेथल्या लोकांना दगडावर लिहून ठेवण्याची विलक्षण हौस असावी. एका थडग्यावर अख्ख्या घराण्याची लांबलचक वंशावळ कोरलेली आहे. दुसऱ्या एका शिलालेखात, डेमोस्थिनीस नावाच्या एका श्रीमंत नागरिकाने सुरू केलेल्या उत्सवाचे सगळे नियम आहेत. पहिल्या दिवशी तुतारी फुंकणाऱ्यांची आणि ललकारी देणाऱ्यांची स्पर्धा, पुढे कवी, वादक, गायक यांच्या स्पर्धा, आणि कोणाला किती बक्षीस, हे सारे त्यात तपशीलवार नोंदलेले आहे. सम्राट हेड्रियन याने इ. स. १२४ मध्ये या उत्सवाला मान्यता देणारे पत्र पाठविले, तेही त्याच दगडावर आहे. आपल्याकडच्या एखाद्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका दोन हजार वर्षे टिकावी, तसाच हा प्रकार!

पण ओइनोआंदाचे नाव जगभर झाले ते निराळ्याच शिलालेखामुळे. तो कोरविणारा डायोजिनीस. (रांजणात राहणारा म्हणून गोष्टींत प्रसिद्ध असलेला तो डायोजिनीस निराळा, तो याच्या कितीतरी शतके आधी होऊन गेला.) आपल्या या डायोजिनीसविषयी इतर कोणत्याही ग्रंथात एक अक्षरही नाही. त्याने स्वतः दगडावर जे लिहिले, तेवढीच त्याची ओळख. त्याने आपला काळही सांगितलेला नाही. पण अक्षरांची वळणे हेड्रियनच्या काळातील लेखांशी जुळतात, त्यावरून तो इ. स. च्या दुसऱ्या शतकात होऊन गेला असे अभ्यासक मानतात.

डायोजिनीस म्हातारा झाला होता. आपल्या आयुष्याचा सूर्य मावळतीला आला आहे, असे तोच लिहितो. आजूबाजूचे लोक देवांच्या कोपाला, मरणाला, नशिबाला भिऊन वागतात, हे पाहून त्याला वाईट वाटे. साथीच्या रोगात मेंढ्या एकमेकींपासून रोग घेतात, तसे लोक एकमेकांपासून चुकीच्या समजुती घेतात, असे त्याचे निदान होते. एकदोघे आजारी असते तर प्रत्येकाला भेटून सांगता आले असते. पण आजारी असलेले अनेक, आणि हा म्हातारा एकटा. म्हणून त्याने औषधच भर रस्त्यात मांडायचे ठरविले. नगरातल्या एका स्तंभयुक्त ओवरीच्या भिंतीवर त्याने एपिक्युरस या तत्त्वज्ञाची शिकवण कोरून घेतली. जे अजून जन्मलेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि परक्या देशांतून येणाऱ्यांसाठीही आपण हे लिहितो आहोत, असे तो सांगतो. त्यांना परके म्हणायचे तरी का, पृथ्वी हा सगळ्यांचा एकच देश आहे, अशी त्याची भूमिका.

आता या लेखाचे आकारमान पाहा. भिंत सुमारे ८० मीटर लांब, तीन मीटरांहून अधिक उंच. कोरलेला भाग अंदाजे २६० चौरस मीटर. शब्दसंख्या २५,००० च्या घरात. तुमच्या हातातल्या या लेखासारखे वीस लेख एका भिंतीवर ओळीने कोरले आहेत अशी कल्पना करा!

आणि लिहिले काय? तुम्हाला गंमत वाटेल, पण त्यातला मोठा भाग पदार्थविज्ञानाचा आहे. सारे जग अणू आणि पोकळी यांचे बनलेले आहे, हे मत एपिक्युरसच्या आधी डेमोक्रिटसने मांडले होते. (आपल्याकडे वैशेषिक दर्शनातही परमाणूंचा विचार आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.) डेमोक्रिटसच्या अणूंची हालचाल मात्र अटळ नियमांनी बांधलेली होती. डायोजिनीस विचारतो, सगळेच जर आधी ठरलेले असेल, तर कोणाला दोष देण्यात किंवा उपदेश करण्यात काय अर्थ? गुन्हेगाराला शिक्षा तरी कशी द्यायची? म्हणून अणूंना किंचित तिरपे सरकण्याचीही मुभा आहे, असे एपिक्युरसच्या पंथाचे म्हणणे. एपिक्युरसच्या स्वतःच्या लिखाणाचा बराच भाग नष्ट झाला, आणि जो उरला त्यात या तिरप्या गतीचा उल्लेख सापडत नाही. लॅटिन लेखकांमुळे ती कल्पना ठाऊक होती. मूळ ग्रीक भाषेत तिचे नाव आपल्याला एका डोंगरावरच्या चिऱ्यावर वाचायला मिळावे, ही मोठी गोष्ट आहे. या तिरप्या गतीचा आजच्या पुंजसिद्धांताशी संबंध जोडण्याचा मोह काहींना होतो. तो आवरलेला बरा. डायोजिनीसजवळ प्रयोग नव्हते. त्याचा सारा डोलारा तर्कावर उभा होता.

दुसऱ्या एका ठिकाणी तो भाषेच्या जन्माचा प्रश्न घेतो. भाषा हर्मीस देवाने शिकविली, असा तेव्हाचा एक समज. डायोजिनीसला तो पटत नाही. तशीच कोणा एका माणसाने भाषा शिकविली हेही त्याला हास्यास्पद वाटते. एक मनुष्य हातात छडी घेऊन शाळामास्तरासारखा उभा आहे, त्याने सगळ्या मानवजातीला गोळा केले आहे आणि एकेका वस्तूला हात लावून तो सांगतो आहे, याला दगड म्हणायचे, याला लाकूड, हा माणूस, हा कुत्रा! असे चित्र रंगवून तो त्याची टर उडवितो. भाषा उमलायच्या आधी त्या माणसाने लोकांना बोलाविले तरी कोणत्या शब्दांनी? वस्त्रे विणण्याची कलाही अथीना देवीकडून आलेली नाही. गरज, अनुभव आणि काळ यांनी माणसाला ती शिकविली, असे त्याचे मत.

त्याचे सगळेच बरोबर होते असे मात्र समजू नका. स्वप्ने कशी पडतात? तर वस्तूंपासून पातळ पापुद्र्यांसारख्या प्रतिमा सतत सुटत असतात आणि त्या आपल्या मनात शिरतात, असे तो लिहितो. आज हे कोणी मान्य करणार नाही. परंतु सूर्य आणि ताऱ्यांच्या गतीविषयी लिहिताना तो एक फार मोलाची गोष्ट सांगून जातो. जी गोष्ट प्रत्यक्ष पाहता येत नाही आणि जिची अनेक कारणे संभवतात, तिथे एकच कारण खरे असे छातीठोकपणे सांगणे भविष्यवेत्त्याला शोभते, शहाण्याला नाही. सगळी कारणे शक्य आहेत, पण त्यांतले हे अधिक संभवनीय, एवढेच म्हणावे. मला विचाराल तर २५,००० शब्दांत हा भाग सर्वांत आधी वाचावा.

मग हे पुस्तक फुटले कसे? पुढे नगरावर संकटे आली, भूकंपही झाले. ओवरी मोडली गेली आणि तिचे घडीव चिरे लोकांनी दुसऱ्या बांधकामांसाठी वापरले. कोणी तटाला लावले, कोणी घराला. अखेर नगरही ओस पडले. इ. स. १८८४ मध्ये फ्रेंच संशोधकांच्या दृष्टीस त्यांतले काही दगड पडले, आणि पुढच्या वर्षापर्यंत ६४ तुकडे हाती आले. १८९५ मध्ये हेबरडे आणि कालिंका या ऑस्ट्रियन संशोधकांनी आणखी २४ शोधले. त्यानंतर तब्बल ७० वर्षांहून अधिक काळ कोणी नवा तुकडा शोधला नाही. १९६८ मध्ये मार्टिन फर्ग्युसन स्मिथ हा तरुण ब्रिटिश अभ्यासक डोंगर चढून गेला आणि त्याने पुन्हा शोध सुरू केला. तो या कामात इतका रमला की पुढे काही दशके परत परत तेथे जात राहिला. २००७ पासून जर्मन पुरातत्त्व संस्थेच्या मोहिमेत युर्गेन हामरश्टेट यांच्यासह त्याने आणखी कितीतरी तुकडे प्रकाशात आणले. आता एकूण संख्या ३०० च्या आसपास आहे. तरीही मूळ लेखाचा पाव ते एक तृतीयांश भागच हाती लागला असावा, असा अंदाज आहे.

हे तुकडे जुळवायचे कसे? प्राचीन ग्रीक लेखांत दोन शब्दांमध्ये जागा सोडीत नसत, त्यामुळे अक्षरांची एकसलग रांगच समोर येते. पण कारागिराने नकळत काही खुणा मागे ठेवल्या आहेत. लेख वर्तमानपत्रासारखा स्तंभांत विभागलेला होता. काही प्रकरणांच्या स्तंभांत १४ ओळी, काहींत १०, तर म्हातारपणावरच्या प्रकरणात १८. हे म्हातारपणाचे प्रकरण भिंतीच्या अगदी वरच्या भागात होते, म्हणून खालून वाचता यावे यासाठी त्याची अक्षरे मोठी काढलेली आहेत. नीतिविषयक प्रकरणाच्या खाली एपिक्युरसच्या वचनांची एक सलग ओळ धावते. ती ज्या दगडावर दिसेल, तो दगड कोणत्या थरातला हे लगेच कळते. शिवाय स्तंभ पुष्कळदा दोन दगडांच्या सांध्यावर येई. अर्धा शब्द या दगडावर, अर्धा शेजारच्या. असे अर्धे जुळले की दोन पाने सापडल्याचा आनंद!

जुने अभ्यासक यासाठी ओल्या कागदाचे ठसे घेत. जाड ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वाळल्यावर सोडवून घ्यायचा. कागदावर लेख उलटा उमटतो. आपल्याकडचे शिलालेखतज्ज्ञही अशीच पद्धत वापरत आले आहेत. फक्त वरून शाई फिरवितात, म्हणजे अक्षरे पांढरी आणि बाकी कागद काळा दिसतो. अलीकडच्या मोहिमांत लेसर किरणांनी दगडाचे त्रिमितीय चित्र घेतले गेले. संगणकाच्या पडद्यावर त्या चित्रावर हव्या त्या बाजूने प्रकाश पाडता येतो. झिजलेले अक्षर समोरून दिसत नाही, पण बाजूने उजेड टाकला की त्याची सावली पडते आणि ते उमटून येते. सूर्य कलल्यावर भिंतीवरचे खाचखळगे कसे स्पष्ट दिसतात, हे तुम्ही पाहिले असेलच, तत्त्व तेच. जड दगड जागचा न हलविता तो दुसऱ्याशी जुळतो का, हेही पडद्यावरच तपासता येते.

उरलेले दगड कोठे असतील? काही जमिनीखाली, काही कायमचे नष्ट झालेले. काही मात्र निश्चितच नंतरच्या भिंतींत, अक्षरांची बाजू आत करून, बसलेले असणार. पण त्या भिंती पाडून पाहता येत नाही. डायोजिनीसचे पुस्तक मोडून ज्या उभ्या केल्या, त्या भिंतीही आता दीड हजार वर्षांहून जुन्या झाल्या असून त्यांचेही जतन करावे लागते.