शेजाऱ्याच्या शेतातली जादू

आपल्यावर संकट आले तर ती कुणाची तरी करणी, आणि शेजाऱ्याची भरभराट झाली तर त्याला काहीतरी वश आहे, या दोन समजुती बहुधा जोडीनेच नांदतात. इ.स.पू. 451-450 मध्ये रोममध्ये लिहून काढलेल्या 'बारा पत्रकां'च्या कायद्यात मंत्र घालून दुसऱ्याचे पीक पळवणे हा गुन्हा होता. म्हणजे एकाचे शेत पिकले ते दुसऱ्याचे ओढून घेऊनच, ही शंका कायद्यालाही मान्य होती.

या आरोपाची एक हकिगत रोमन लेखक थोरल्या प्लिनीने नोंदवली आहे. गायस फ्युरियस क्रेसिमस हा गुलामीतून सुटलेला माणूस. त्याच्या लहानशा तुकड्यात जेवढे पिके, तेवढे शेजारच्या मोठमोठ्या जमिनींत पिकत नसे. त्याने जादूने पीक ओढले, असा खटला उभा राहिला. निकाल लोकांच्या मतांवर होता. क्रेसिमसने आपला शेतीचा सगळा सरंजामच चौकात आणून मांडला: जड कुदळी, वजनदार फाळ, पोसलेले बैल आणि धडधाकट गडीमाणसे. आपली जादू ती हीच, रात्रीची जागरणे आणि घाम मात्र इथे आणून दाखवता येत नाही, असे त्याने सांगितले. तो एकमताने सुटला. (त्याची ती गडीमाणसे स्वतः गुलामच होती, हेही विसरू नये.) शेजाऱ्यांना पिकापेक्षा कालच्या गुलामाची बरकत जास्त खुपली असावी.

एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा, हा हिशेब जॉर्ज फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञाने 1965 मध्ये नेमका मांडला. मेक्सिकोतील त्सिन्त्सुन्त्सान या गावात त्याला दिसले की जमीन, पैसा, आरोग्य, मान हे सारे ठरावीक मापाचेच आहे, असे लोक धरून चालतात. मग एकाचे वाढले की दुसऱ्याचे घटलेच पाहिजे. कुणी अचानक श्रीमंत झाला, तर त्याला पुरलेले धन सापडले असे तिथे म्हणत. गुप्तधन बाहेरून आलेले, म्हणून त्यात कुणाचे हिरावल्याचा ठपका नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यांत 'त्याला हंडा सापडला' म्हणतात, ते याच वळणाचे.

संकटाचे कारण शोधण्याची रीत मध्य आफ्रिकेतील आझांदे लोकांमध्ये मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डने 1937 च्या ग्रंथात तपशिलाने दाखवली. धान्याचे कोठार कोसळून खाली सावलीला बसलेला माणूस जखमी झाला, तर खांब वाळवीने खाल्ले होते हे आझांदेंना पक्के ठाऊक असते. पण तो माणूस खाली असतानाच ते का कोसळले, याचे उत्तर वाळवी देत नाही. तिथे चेटूक येते. संशय मात्र वाटेल त्याच्यावर जात नाही. तो जातो जवळपास राहणाऱ्यावर, ज्याच्याशी बिनसले आहे त्याच्यावर. राजघराण्यातल्यांवर सामान्य माणूस आरोप करत नसे.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात रोमच्या कायद्याच्या उलट, आरोप करणाराच गुन्हेगार ठरतो. अमुक माणूस करणी करतो, मंत्राने दुभत्या जनावराचे दूध आटवतो किंवा त्याच्यामुळे रोग पसरतो, असे भासवून त्याचे जगणे अवघड करणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड होतो.