वाढतं वय, लेखांक ९ : काट्यापर्यंत आलेला मुलगा

हातखर्चाचा विषय या आठवड्यात संपवायचं कबूल केलं होतं. तो पुढं ढकलावा लागतोय, कारण तेलंगणात आदिलाबादकडच्या बेला मंडलातल्या एका कापूसवाल्या वाचकाचं पत्र आलं आहे. मुलगा दहावी पास झाला, त्याला गाडी हवी आहे. गाडी म्हणजे अर्थातच मोटारसायकल. बाप नाही म्हणाला तर पोरगं दोन दिवस जेवलं नाही. पत्राच्या शेवटी बापाचा प्रश्न आहे : ‘सुट्टीत वेचणीला लावू का? उन्हात कंबर मोडली म्हणजे अक्कल येईल.’

गाडीचं उत्तर सोपं आहे. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. तेव्हापासून अठराच्या आतल्या मुलाच्या हातून चालवताना गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. बापानं हे कलम दाखवून मोकळं व्हावं. गल्लीतल्या बाकीच्या पोरांकडं गाड्या आहेत, हे खरंच आहे. त्यांच्या बापांनी कायदा वाचलेला नाही, इतकंच.

खरा घोळ वेचणीचा आहे. ज्या कामाला सजा म्हणून पाठवलं, त्या कामाची मुलाला किळसच येणार. अर्ध्या दिवसात तो ओटी टाकून बांधावर बसेल, आणि आईच ते तास पुरं करील. शिवाय पत्रात मध्येच एक वाक्य येऊन जातं : ‘मुलगी मात्र गुणी, सुट्टीत आईसोबत वेचायला जाते.’ तिला कुणी अक्कल यावी म्हणून पाठवलेलं नाही. तिच्या कामाचा हिशेबही कुणी ठेवलेला नाही. एकाच घरात एकाला काम ही शिक्षा आणि दुसरीला ते रोजचंच. आता मुलाला कुठला धडा मिळाला असेल, ते बापानंच ताडावं.

मग करायचं काय? मुलाला वेचणीला लावण्याआधी आदिलाबादच्या मार्केट यार्डात न्यावं. गाडी भरण्यापासून पावती हातात पडेपर्यंत सोबत ठेवावं आणि मध्ये काही काम खरोखर त्याच्यावर सोपवावं. 2025 च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, माल द्यायचा तर ‘कपास किसान’ या मोबाइल अ‍ॅपवर नोंदणी करून दिवस ठरवून घ्यावा लागतो. दिवसभर मोबाइलवर असणाऱ्या पोराला याहून योग्य काम सापडणार नाही. तारीख चुकली तर घरचा माल अडकतो. ती जबाबदारी त्याचीच, बापानं मागून हळूच सावरायची नाही.

यार्डात ओलावा मोजणारं यंत्र कापसात खुपसतात तेव्हा बापाचा श्वास अडकतो, हे पोरानं पाहावं. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव. त्यावर बारापर्यंत जितके टक्के जास्त तितकी कपात, आणि बाराच्या वर माल परत. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. यंत्रानं अकरा दाखवले तर तीन टक्के गेले, क्विंटलला 243 रुपये. दहा क्विंटलला 2430! हा गुणाकार पोरानं काट्यासमोर उभं राहून तोंडी करावा. दव सुकेपर्यंत आई वेचणी का थांबवते, अंगणात कापूस का पसरते, हे त्याला त्याच दिवशी कळेल. ज्या घरात सालाचा हिशेब पोरांपासून झाकून ठेवतात, तिथं पोरांनी पैसा आकाशातून पडतो असं समजणं काही फार नवलाचं नाही.

ही बालमजुरीच नाही का, असा एक आक्षेप येणार, तो आधीच घेऊ. याच तेलंगणात शांता सिन्हा आणि त्यांच्या एम. व्ही. फाउंडेशननं, शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालमजूरच, अशी भूमिका घेऊन हजारो मुलं शेतातून वर्गात आणली. सिन्हांना 2003 चा मॅगसेसे त्याच कामासाठी मिळाला. चौदाच्या आतल्या मुलांना शाळा सुटल्यावर घरच्या कामात मदत करू देणारी सवलत बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीत ठेवली गेली, तेव्हा बालहक्कवाल्यांनी तिला विरोध केला, आणि तो वाजवी होता. इथं म्हटलेलं काम सुट्टीतलं, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचं आहे. शाळा बुडवून नाही. फवारणीचा पंप तर पाठीवर द्यायचाच नाही. पैनगंगेपलीकडं यवतमाळात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली, ते विसरता येत नाही.

‘चार पैसे कमवू द्या, आपोआप सुधारतो’ हेही अर्धंच खरं. अमेरिकेत 1980 च्या दशकात संशोधक जेराल्ड बाखमन यांनी दाखवलं की कमावणारी शाळकरी पोरं मिळकत बहुतेक स्वतःच्या चैनीवर उडवतात, कारण घरभाडं आणि किराणा आईबाप भरतात. कमाईनं हट्ट उलट वाढतो. मिनेसोटात 1988 पासून जेलन मॉर्टिमर यांनी सुमारे हजार मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आठवड्याला वीस तासांच्या आत, पण सातत्यानं काम करणारी मुलं मात्र पुढं बरी निघाली.

तर बेल्याच्या वाचकांना एवढंच : यार्डातून पावती आली की ती मुलाच्या आवाजात घरी वाचून घ्या. आई आणि बहीण समोर बसलेल्या असू द्या. वजन किती, ओलावा किती, कापले किती. मग गाडीचा विषय पुन्हा निघाला तर त्याच्याकडूनच निघू द्या.

हातखर्चाचं पुढच्या आठवड्यात, दुसरं असं पत्र आलं नाही तर.