मशवरा घ्यावा, पण पारखून

बाळाला जुलाब लागले की घरात डॉक्टरच्या आधी सल्ला पोहोचतो. शेजारची चाची येते, समोरची भाभी येते, माहेराहून अम्मीचा फोन येतो. सगळ्यांच्या मनात मायाच असते. पण माया असली म्हणजे सल्ला बरोबर असेलच असे नाही, हे आम्ही मागच्या उन्हाळ्यात फार जवळून पाहिले.

नगरमधल्या आमच्या मोहल्ल्यात दहा महिन्यांच्या एका मुलाला पहाटेपासून जुलाब होत होते. दुपारपर्यंत आम्ही सहा-सात जणी त्या घरी जमलो. एकीने साबुदाण्याची पेज सांगितली, दुसरीने नजर उतरवायला सांगितले, तिसरी म्हणाली दूध तोडा. घरातल्या सर्वांत वयस्क खालांनी निकाल दिला, "पानी बंद करो, जित्ता पियेगा उत्ता निकलेगा." मुलाची आई विशीतली, पहिलेच मूल. तिने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि मोठ्यांचे ऐकले. पाणी बंद झाले.

असरच्या सुमारास मूल रडायचे थांबले. आम्हाला वाटले, झोप लागली. तेवढ्यात दुसऱ्याच कामासाठी आलेल्या आशाताईंनी मुलाला पाहिले. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, सकाळपासून लघवी नाही. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती पटकन सपाट झाली नाही. रिक्षा बोलावली आणि मूल दवाखान्यात गेले. अल्हम्दुलिल्लाह, ते वाचले. आज ते घरभर धावते. पण त्या रात्री आमच्यापैकी कोणालाच झोप आली नाही. आम्ही सगळ्या त्याच्या उशाशी बसलो होतो आणि त्याला तहानेने मारत होतो.

तेव्हापासून जुम्याच्या दिवशी दुपारची आवराआवर झाली की आम्ही एका घरी बसतो. विषय मुलांचेच असतात. खाणे, झोप, ताप, दात, शाळा. फरक एवढाच की आता सल्ला देणाऱ्या बाईला तीन प्रश्न विचारायचे ठरले आहे. हे तुम्हाला कोणी सांगितले? याने फायदा कसा होतो? आणि चुकले तर मुलाचे काय होईल? पहिल्या दोन बैठकांत या प्रश्नांवरून रुसवेफुगवे झाले. आता सवय झाली आहे.

बायकांनी बायकांना शिकवायचे, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. नगरहून आष्टीमार्गे जामखेडला जा. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे आले. दोघेही वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेले. दुष्काळी मुलूख, पाण्याची टंचाई, अशक्त मुले. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे तेव्हा तिथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती.

त्यांनी आधी गावोगाव शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या, पण ते नीट जमेना. बाहेरून आलेली तरुण मुलगी खेड्यात एकटी राहणार कशी, आणि गावातल्या बाया तिच्याजवळ मन मोकळे करणार कशा? मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असे ठरले. निवडून आलेल्या बहुतेक बाया निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र राहत, शिकत आणि गावी परत जाऊन इतर बायांना सांगत. पुढच्या आठवड्यात अनुभव घेऊन पुन्हा येत. काय लागू पडले, कोणी ऐकले नाही, का ऐकले नाही, यावर बोलणे होई.

गरोदर बाईने कमी खावे म्हणजे बाळ लहान राहते आणि बाळंतपण सोपे जाते, असा समज तेव्हा घट्ट होता. पोटभर खा, असे डॉक्टरांनी सांगून जे पटत नव्हते, ते स्वतः चार बाळंतपणे सोसलेल्या शेजारणीने सांगितले की पटे. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश झाला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ पर्यंत त्या गावांतला बालमृत्यूचा आकडा १७६ वरून १९ वर आला होता. २००५ नंतर देशभर आशाताई नेमल्या गेल्या, त्या योजनेला ज्या प्रयोगांनी वाट दाखवली त्यात जामखेडचे नाव घेतले जाते. आमच्या मोहल्ल्यातले ते मूल वाचले, त्यामागे जामखेडच्या त्या अंगठाबहाद्दर बायांचाही हात आहे असे आम्ही मानतो.

दुसरे उदाहरण बांगलादेशातले, आपल्यासारख्याच मुस्लिम घरांचे. १९७१ च्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि आया-मावश्यांच्या हाती पेले दिले, पाजत राहा म्हणून. मृत्यू झपाट्याने घटले. पुढे १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅक या संस्थेच्या बाया बांगलादेशात घरोघर फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांत आयांना हे पाणी करायला शिकवले. अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूटभर मीठ. शिकवून गेल्यावर काही आठवड्यांनी दुसरे कोणी येऊन आईची परीक्षा घेई. आईला जेवढे आठवे, त्यावर शिकवणारीचा पगार ठरे. पाठ म्हणून दाखवणे पुरेसे नव्हते, आईच्या हातात उतरले पाहिजे होते.

त्यांनाही एक ठेच लागली. बाया शिकल्या, पण मूल आजारी पडले की फार थोड्या घरांत ते पाणी दिले जाई. चौकशी केली तेव्हा कळले की खुद्द शिकवणाऱ्यांनाच त्यावर पुरता भरवसा नव्हता. शिवाय घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग शिकवणाऱ्यांना हे पाणी काम कसे करते ते समजावून दिले गेले, आणि बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांपर्यंत तीच गोष्ट नेली गेली. आमच्या बैठकीत हे बोलणे निघाले तेव्हा एक भाभी म्हणाल्या, "मग आपल्या घरी कोण सांगणार?" त्या दिवसापासून आम्ही ठरवले, जे शिकू ते रात्री जेवताना घरात सांगायचे.

आता आमच्या बैठकीत पारखून पक्के झालेले काही मशवरे देतो.

जुलाबात पाणी कधीही तोडू नये. शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात, ते भरून काढणे हाच खरा उपाय. ओआरएसची पुडी आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते टाकून द्यावे, जास्त मीठ बाळाला घातक असते. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. झिंकच्या गोळ्या दिल्या असतील तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या कराव्यात. मूल सुस्त पडले, पीत नाही, शौचात रक्त आले, लघवी बंद झाली, तर एक मिनिट न घालवता दवाखाना.

बाळ जन्मल्यावरचे पहिले पिवळसर घट्ट दूध काही घरांत पिळून टाकतात. त्यातच रोगाशी लढण्याची ताकद असते. जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळाला पाजावे आणि सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको. घुट्टी आणि मध यांवर आमच्याकडे बराच वाद झाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जंतूंमुळे क्वचित पण जिवावर बेतणारा आजार होतो. तहनीक खजुराची असते. ती करायची तर स्वच्छ हाताने आणि अगदी नाममात्र. बाळ कमी दिवसांचे किंवा अशक्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नये. काही सुरम्यांत शिसे असते आणि ते लहान मुलाच्या मेंदूला अपाय करते.

सहा महिन्यांनंतर नुसत्या डाळीच्या पाण्याने पोट भरते, मूल भरत नाही. चमचा तिरका केला तरी चटकन सांडणार नाही इतके घट्ट द्यावे. डाळ घातलेली मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, वर थोडे तूप, उकडलेले अंडे, मऊ शिजवलेला खिमा.

आणि मोठ्यांचे जे बरोबर निघाले तेही सांगायला हवे. चाळीस दिवस बाळंतिणीला विश्रांती, तिच्यासाठी हरीरा आणि आळीव, बाळाला आईच्या कुशीत ठेवणे, या गोष्टी पारखून पाहिल्या तेव्हा खऱ्या उतरल्या. नानी-दादींचा गाठोडा फेकायचा नाही. तो उघडून, निवडून घ्यायचा, तांदूळ निवडतो तसा.

सूरह अल-बकराच्या २३३व्या आयतीत दूध पाजण्याची मुदत पूर्ण दोन वर्षे सांगितली आहे. त्याच आयतीत पुढे असेही आहे की आईबापांनी एकमेकांच्या राजीखुशीने आणि मशवऱ्याने त्याआधी दूध तोडले तर त्यांच्यावर दोष नाही. बाळाचे दूध तोडण्याइतकी घरगुती गोष्टही एकट्याच्या हुकमाने होऊ नये, दोघांनी बसून ठरवावी, हे आम्हाला त्यात दिसते. त्या दुपारी नेमके हेच झाले नव्हते. सल्ले सात होते, पण आईला कोणी विचारले नाही आणि बापाला कोणी कळवले नाही.

ज्या खालांनी पाणी बंद करायला सांगितले होते त्या पहिले दोन जुमे बैठकीला आल्याच नाहीत. तिसऱ्या जुम्याला आम्ही त्यांना घ्यायला त्यांच्या घरी गेलो. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, त्यांची दोन मुले अशीच गेली होती, त्यांच्या सासूने पाणी बंद केले होते. आता मोहल्ल्यात कोणाकडे जुलाबाचे मूल असले की सर्वांत आधी खालाच पोहोचतात. हातात स्वच्छ तांब्या असतो, आणि पुडी कितव्या रेघेपर्यंत पाण्यात घालायची ते त्या नव्या सुनांना दाखवतात.