रॉयल्टी-मुक्त छायाचित्रे

रॉयल्टी-मुक्त छायाचित्रे म्हणजे एकदा परवाना मिळवल्यानंतर प्रत्येक वापरामागे वेगळे स्वामित्वधन न देता पुन्हा पुन्हा वापरता येणारी छायाचित्रे होत. एखाद्या ग्राहकाच्या मागणीवरून न काढता आधीच काढून संग्रहात ठेवलेल्या आणि परवान्याने वापरास दिल्या जाणाऱ्या चित्रांना स्टॉक छायाचित्रे म्हणतात. रॉयल्टी-मुक्त हा अशा चित्रांच्या परवान्याचा सर्वाधिक प्रचलित प्रकार आहे. व्यवसायांची संकेतस्थळे, त्यांवरील माहितीपर लेख, जाहिराती व माहितीपत्रके यांत ही चित्रे मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. नावातील ‘मुक्त’ या शब्दामुळे ती विनामूल्य किंवा प्रताधिकारमुक्त असतात, असा समज आढळतो. प्रत्यक्षात बहुतेक रॉयल्टी-मुक्त चित्रांचा प्रताधिकार छायाचित्रकाराकडे किंवा संबंधित संस्थेकडे कायम असतो. वापरकर्त्याला परवान्यात लिहिलेल्या मर्यादेतच वापराचा हक्क मिळतो.

संज्ञेचा अर्थ

पुस्तकाच्या विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे लेखकाला जी रक्कम मिळते, तिला स्वामित्वधन किंवा रॉयल्टी म्हणतात. छायाचित्रांच्या व्यवहारातही पूर्वी चित्राचा आकार, छापील प्रतींची संख्या, प्रदेश आणि मुदत यांनुसार प्रत्येक वापराचे शुल्क ठरत असे. रॉयल्टी-मुक्त पद्धतीत हा हिशेब राहत नाही. एकदाच शुल्क भरून तेच चित्र वेगवेगळ्या कामांसाठी वापरता येते.

त्यामुळे तीन बाबी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली, चित्र मिळवण्यासाठी पैसे द्यावे लागतात की नाही. दुसरी, प्रत्येक वापरामागे पैसे द्यावे लागतात की नाही. आणि तिसरी, चित्रावर कोणाचा प्रताधिकार आहे की नाही. ‘रॉयल्टी-मुक्त’ ही संज्ञा यांपैकी फक्त दुसऱ्या बाबीचे उत्तर देते.

इतिहास

अमेरिकेत एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी १९२० मध्ये सुरू केलेला व्यवसाय हा स्टॉक छायाचित्रांच्या आरंभीच्या व्यवसायांपैकी एक मानला जातो. नाझी राजवटीतील जर्मनी सोडून न्यू यॉर्कला आलेल्या ऑटो बेटमन यांनी १९३६ मध्ये बेटमन आर्काइव्हची स्थापना केली. या काळात चित्रे संस्थेच्या कार्यालयातील कपाटांत ठेवलेली असत आणि ग्राहकाला निवडीसाठी छापील सूचीचा किंवा संस्थेतील कर्मचाऱ्यांचा आधार घ्यावा लागे.

१९९० च्या दशकात सीडी-रॉमचा प्रसार झाल्यावर रॉयल्टी-मुक्त पद्धत रूढ झाली. सिअ‍ॅटलमधील फोटोडिस्क या कंपनीने चित्रांचे संच सीडीवर विकण्यास सुरुवात केली. मार्क गेटी व जोनाथन क्लाइन यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या गेटी कंपनीत फोटोडिस्क १९९८ मध्ये विलीन झाली आणि त्यातून गेटी इमेजेस ही संस्था आकारास आली.

कॅनडातील कॅल्गरी येथे ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी २००० मध्ये आयस्टॉकफोटो सुरू केले. हौशी छायाचित्रकारांची चित्रे अत्यल्प दरात देणाऱ्या या पद्धतीला ‘मायक्रोस्टॉक’ असे नाव पडले. जॉन ओरिंगर यांनी २००३ मध्ये शटरस्टॉकची स्थापना केली. गेटी इमेजेसने २००६ मध्ये आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरला विकत घेतले. त्याच वर्षी पत्रकार जेफ हाऊ यांनी ‘वायर्ड’ मासिकातील लेखात ‘क्राउडसोर्सिंग’ ही संज्ञा रूढ केली; लेखाच्या आरंभी त्यांनी आयस्टॉकफोटोचेच उदाहरण घेतले होते. भारतात संदीप माहेश्वरी यांनी २००६ मध्ये स्थापन केलेली इमेजेसबाझार ही संस्था भारतीय व्यक्ती व प्रसंग यांच्या चित्रांसाठी ओळखली जाते.

पिक्साबे (२०१०) आणि अनस्प्लॅश (२०१३) यांसारख्या संकेतस्थळांनी चित्रे विनाशुल्क उपलब्ध करून दिली. दोन्ही संकेतस्थळांवर आरंभी हक्कत्यागाचा सीसी-शून्य परवाना लागू होता. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये त्याऐवजी स्वतःचा परवाना लागू केला.

परवान्यांचे प्रकार

अधिकार-नियंत्रित परवाना: वापराचा हेतू, प्रदेश व मुदत ठरवून दिलेला परवाना. यात एखाद्या ग्राहकाला ठरावीक काळापुरता अनन्य हक्क मिळू शकतो. गेटी इमेजेसने आपल्या सर्जनशील विभागातील चित्रांसाठी हा प्रकार २०२० च्या सुमारास बंद केला.

रॉयल्टी-मुक्त परवाना: एकदाच शुल्क घेऊन दिलेला, बहुधा अनन्य नसलेला परवाना. तेच चित्र स्पर्धक व्यवसायही वापरू शकतो. एका तरुणीचे स्टॉक छायाचित्र २००४ मध्ये डेल आणि गेटवे या दोन प्रतिस्पर्धी संगणक कंपन्यांच्या जाहिरातींत एकाच सुमारास झळकले होते.

संपादकीय परवाना: बातमी, समीक्षा किंवा माहितीपर लेखनापुरता मर्यादित परवाना. सामने, राजकीय सभा व प्रसिद्ध व्यक्ती यांची चित्रे बहुधा या प्रकारात मोडतात. ती जाहिरातीसाठी वापरता येत नाहीत.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने: २००१ मध्ये स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेने २००२ पासून प्रसिद्ध केलेले परवाने. यांत निर्मात्याचे श्रेय देणे बंधनकारक असते. ‘अव्यावसायिक’ अट असलेले चित्र व्यवसायाच्या प्रसारासाठी वापरता येत नाही. ‘बदल नको’ अट असल्यास बदल केलेले चित्र प्रसिद्ध करता येत नाही, तर ‘समान वाटप’ अट असल्यास बदललेले चित्र त्याच परवान्याखाली द्यावे लागते.

सार्वजनिक अधिक्षेत्र: प्रताधिकाराची मुदत संपलेली किंवा हक्क सोडून दिलेली चित्रे. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांची छायाचित्रे या वर्गात येतात.

परवान्यातील नेहमीच्या मर्यादा

शटरस्टॉक, आयस्टॉक व अ‍ॅडोबी स्टॉक यांसारख्या संस्थांच्या प्रमाण परवान्यात संकेतस्थळावरील वापराला सहसा संख्येची मर्यादा नसते. छापील प्रतींना मात्र पाच लाखांसारखी कमाल मर्यादा असते. कपबशा, टी-शर्ट, भेटकार्डे अशा विक्रीच्या वस्तूंवर चित्र छापायचे असल्यास विस्तारित परवाना घ्यावा लागतो. रॉयल्टी-मुक्त चित्र बोधचिन्हात किंवा व्यापारचिन्हात वापरण्यास बहुतेक संस्था मनाई करतात, कारण अनेकांना परवाना दिलेल्या चित्रावर एकाच व्यवसायाला अनन्य हक्क सांगता येत नाही. मूळ चित्र जसेच्या तसे दुसऱ्याला विकणे किंवा डाउनलोडसाठी ठेवणे हेही निषिद्ध असते. विनाशुल्क संकेतस्थळांच्या परवान्यांतही अशा अटी असतात.

परवाना ज्याच्या नावे घेतला आहे, त्याच्यापुरताच तो सहसा लागू असतो. संकेतस्थळ बनवून देणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून घेतलेले चित्र ग्राहकाकडे कोणत्या अटींवर जाते, हे त्या संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते.

चित्रातील व्यक्ती, वास्तू व चिन्हे

प्रताधिकार हा चित्र काढणाऱ्याचा हक्क आहे. चित्रात दिसणाऱ्या व्यक्तीचे खासगीपणाचे आणि स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क त्याहून वेगळे असतात. त्यामुळे जाहिरातीसाठी दिल्या जाणाऱ्या चित्रांसोबत स्टॉक संस्था त्या व्यक्तीचे लेखी संमतिपत्र घेतात. विनाशुल्क संकेतस्थळांवरील प्रत्येक चित्राला असे संमतिपत्र असेलच याची हमी नसते. २००७ मध्ये व्हर्जिन मोबाइल ऑस्ट्रेलियाने फ्लिकरवरील एका अमेरिकी किशोरवयीन मुलीचे छायाचित्र जाहिरातीत वापरले. चित्रावर व्यावसायिक वापराला मुभा देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना होता, परंतु मुलीची संमती घेतलेली नव्हती. तिच्या कुटुंबाने टेक्सासमध्ये दाखल केलेला दावा २००९ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकाली निघाला. चित्राचा परवाना आणि व्यक्तीची संमती यांतील फरक या प्रकरणामुळे चर्चेत आला.

वास्तूंच्या बाबतीतही असे प्रश्न उद्भवतात. पॅरिसमधील आयफेल टॉवरची रचना प्रताधिकारमुक्त आहे, मात्र रात्रीच्या रोषणाईच्या चित्रांच्या व्यावसायिक वापरासाठी व्यवस्थापन परवानगीची मागणी करते. मुंबईतील ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीच्या बाह्यरूपाला २०१७ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळाली. अशी नोंदणी मिळालेली ती भारतातील पहिली इमारत ठरली.

भारतात ‘चिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५०’ याच्या अनुसूचीनुसार राष्ट्रध्वज, तसेच छत्रपती शिवाजी महाराज व महात्मा गांधी यांची नावे किंवा चित्रे केंद्र सरकारच्या परवानगीविना व्यापारी हेतूने वापरण्यास मनाई आहे. केवळ निर्माता व मुद्रक यांची नावे असलेल्या आणि मालाच्या जाहिरातीसाठी न वापरल्या जाणाऱ्या दिनदर्शिकांना त्यांतील थोर व्यक्तींच्या चित्रांपुरती सूट आहे. एखादे चित्र स्टॉक संकेतस्थळावर रॉयल्टी-मुक्त म्हणून उपलब्ध असले तरी ही मनाई लागू राहते.

भारतीय कायद्यातील स्थिती

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती आहे. त्यात कलात्मक गुण असलाच पाहिजे अशी अट नाही. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी आवश्यक नसते, त्यामुळे चित्रावर नाव किंवा चिन्ह नसले तरी त्याला संरक्षण असते. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकत असे. दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, कलम १७ नुसार ते काढवून घेणारा असतो. स्टॉक छायाचित्राला ही तरतूद लागू होत नाही, कारण ते ग्राहकाच्या सांगण्यावरून काढलेले नसते. परवाना लेखी असावा, असे कलम ३० सांगते. त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो.

कलम ५२ मधील रास्त वापराची सवलत खासगी वापर, संशोधन, समीक्षा व चालू घडामोडींचे वार्तांकन अशा ठरावीक हेतूंसाठी आहे. व्यवसायाच्या लेखाची केवळ सजावट हा हेतू त्यात नमूद नाही. हक्कभंग झाल्यास मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागता येते. चित्र प्रताधिकारयुक्त असल्याची माहिती नव्हती आणि तसे मानण्यास कारणही नव्हते, हे प्रतिवादीने सिद्ध केल्यास भरपाईवर कलम ५५ नुसार मर्यादा येते. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. चित्रावरील हक्कविषयक माहिती जाणीवपूर्वक काढून टाकणे हा कलम ६५ब नुसार स्वतंत्र गुन्हा आहे.

उल्लेखनीय वाद

युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये एका जर्मन शाळेशी संबंधित प्रकरणात निर्णय दिला. एका विद्यार्थिनीने प्रवासविषयक संकेतस्थळावरून कोर्दोबा शहराचे छायाचित्र उतरवून आपल्या निबंधात घातले आणि तो निबंध शाळेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाला. चित्र मूळ संकेतस्थळावर सर्वांना खुले असले, तरी ते दुसऱ्या संकेतस्थळावर नव्याने चढवण्यासाठी छायाचित्रकाराची परवानगी लागते, असे न्यायालयाने म्हटले.

अमेरिकी छायाचित्रकार कॅरोल हायस्मिथ यांनी आपली हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला जनतेच्या वापरासाठी दिली होती. त्यांपैकीच एक चित्र स्वतःच्या संस्थेच्या संकेतस्थळावर वापरल्याबद्दल त्यांना डिसेंबर २०१५ मध्ये १२० डॉलरची मागणी करणारे पत्र आले. त्यांनी २०१६ मध्ये गेटी इमेजेस व अलामी यांच्याविरुद्ध १ अब्ज डॉलरचा दावा लावला, परंतु त्यांचे प्रताधिकारविषयक दावे न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळले. प्रताधिकारमुक्त चित्रही शुल्क आकारून देणाऱ्या संस्था असतात आणि अशा चित्राबद्दलही मागणीपत्र येऊ शकते, हे यातून दिसून आले.

व्यावसायिक वापरातील दक्षता

टिनआय (२००८) यांसारख्या उलट-चित्रशोध सेवांमुळे इंटरनेटवरील चित्राच्या प्रती शोधणे सोपे झाले. गेटी इमेजेसने २०११ मध्ये पिकस्काउट ही चित्रांचा माग काढणारी कंपनी विकत घेतली. त्यामुळे अनेक वर्षांपूर्वी वापरलेल्या चित्राबद्दलही मागणीपत्र येऊ शकते. अशा वेळी परवाना घेतल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी व्यवहारात वापरकर्त्यावर येऊन पडते. चित्राचा मूळ दुवा, छायाचित्रकाराचे नाव, उतरवून घेतल्याची तारीख, देयकाची पावती आणि त्या दिवशीच्या परवान्याची प्रत एकत्र ठेवल्यास असा पुरावा देता येतो. विनाशुल्क संकेतस्थळे परवाना बदलतात किंवा एखादे चित्र काढून टाकतात, म्हणून तेथील चित्रांबाबतही ही नोंद उपयोगी ठरते. शोधयंत्राने दाखवलेले चित्र हे केवळ शोधाचा निकाल असतो. परवाना मूळ पानावर पाहावा लागतो.

टीका

मायक्रोस्टॉकमुळे चित्रांचे दर घसरले आणि व्यावसायिक छायाचित्रकारांच्या उत्पन्नावर परिणाम झाला, अशी टीका होते. स्टॉक चित्रांतील साचेबद्धपणावरही आक्षेप घेतला जातो. स्त्रियांच्या एकसुरी चित्रणाला पर्याय म्हणून गेटी इमेजेस व लीनइन या संस्थांनी २०१४ मध्ये स्वतंत्र चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांमुळे नवे प्रश्न निर्माण झाले असून, आपल्या संग्रहातील चित्रे विनापरवाना वापरल्याचा आरोप करत गेटी इमेजेसने २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआय या कंपनीविरुद्ध ब्रिटन व अमेरिकेत दावे दाखल केले.