हानलेची विरळ हवा : दुर्बिणीला पोषक, माणसाला जाचक

लडाखमधील हानले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. बंगळूरुच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेने ती उभारली. २००० साली या दुर्बिणीने पहिल्यांदा आकाश टिपले. मात्र निरीक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्यासाठी हानलेला जावे लागत नाही. बंगळूरुजवळच्या होसकोटे येथील केंद्रात बसून उपग्रहामार्फत ही दुर्बीण चालवता येते.

हानलेची निवड झाली ती तिथल्या कोरड्या, विरळ हवेमुळे. आकाशातून येणारे अवरक्त किरण हवेतील बाष्प शोषून घेते. बाष्प जितके कमी, तितके दुर्बिणीला स्वच्छ दिसते. पण हीच हवा माणसाला मानवत नाही. तिथेही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ५७ टक्के असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू घटतो.

त्याचा परिणाम रात्रीच्या नजरेवर लवकर होतो. अंधुक उजेडात पाहण्याचे काम दृष्टिपटलातील दंडपेशी करतात. त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, अंधारात तर अधिकच. तो कमी पडला की मंद तारे नजरेतून निसटतात. आकाश अधिक स्वच्छ आणि डोळे मात्र अधिक दुबळे, असा हा उलटा हिशेब आहे.

२०२२ मध्ये हानले परिसर ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झाला. तारे पाहण्यासाठी महाराष्ट्रातूनही पर्यटक तिथे जातात. विमानाने थेट ३,५०० मीटरवरील लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी आणि मगच टप्प्याटप्प्याने वर जावे. मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. हृदयविकार, दमा किंवा गरोदरपण असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. प्रतिबंधक गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात.

डोकेदुखी, मळमळ, थकवा ही विरळ हवेच्या त्रासाची सुरुवात असते. अशा वेळी आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही फुप्फुसात पाणी साठल्याची वा मेंदूला सूज आल्याची लक्षणे असू शकतात. तेव्हा सकाळची वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब खाली आणावे. प्राणवायू मिळत असेल तर लगेच द्यावा. पण त्यासाठी खाली उतरणे लांबवू नये.